आठ दिवस मुली जरा बाजूला ठेवा

बालगृहात एकवीस वर्षं कारकुनी केली की किस्से जमवावे लागत नाहीत, धुणं साठतं तसे ते साठत जातात. परवा भिशीत मैत्रिणी म्हणाल्या, "सांग की एखादा, हसू येईल असा." सांगते. हसू आलं तर हसा बापड्यांनो.

एक कसला, चार-पाच आहेत, पण सगळे एकाच तपासणीचे. विश्रांतवाडीत आमचं मुलींचं बालगृह. मान्यतेची मुदत संपत आली होती आणि समिती येणार असं पत्र आलं. मान्यता गेली तर आमच्या नोकऱ्या जाणार आणि चाळीस मुलींची पांगापांग होणार. अधीक्षिकाबाईंनी सगळ्यांना बोलावलं आणि बजावलं, "आठ दिवस मुली जरा बाजूला ठेवा. तपासणी आहे!"

*

हिंजवडीच्या एका कंपनीने आम्हाला दोन कॉम्प्युटर दिले होते. धूळ बसू नये म्हणून त्यांवर प्लास्टिक होतं, आणि मुली बसू नयेत म्हणून खोलीला कुलूप!

त्याच कंपनीच्या एक एच.आर. मॅडम स्टाफला ट्रेनिंग द्यायला आल्या. "साहेबांशी बोलताना आय कॉन्टॅक्ट ठेवा. स्माईल करा. स्ट्रेस दिसू देऊ नका."

स्वयंपाकाच्या शांताबाई कणकेच्या हातानेच उठल्या. "स्माईल करते की. आधी पोळ्या लाटायला अजून एक बाई द्या."

मॅडमनी पुढची स्लाईड लावली.

*

रंगीत तालमीत साहेब मी झाले. कारकुनीमुळे साहेबांसारखं तुटक बोलायची सवय होतीच.

"कुणी मारतं का?" "नाही!" "जेवण कसं असतं?" "छान!" चाळीस मुली एका सुरात.

त्यात रेखा होती. नऊ वर्षांची. आई गेलेली, बाप कधीच निघून गेलेला. मांजरी गावात एक मावशी होती म्हणे, तिच्याकडे जायचं एवढंच त्या पोरीच्या डोक्यात. आमच्यापैकी कुणीतरी मावशीचं घर बघून यायचं, अहवाल लिहायचा, मग परवानगी. रेखा रोज मला विचारायची, "बाई, आज कुणी मांजरीला गेलं का?"

त्या दिवशी ती म्हणाली, "बाई, 'तुला काय हवंय?' असं नाही का विचारणार साहेब?"

"ते प्रश्नावलीत नाही गं," मी म्हटलं.

*

मांजरी म्हणजे काही काशी नव्हे. पीएमटीच्या बसने गेलं तर अर्ध्या दिवसात परत! पण आमच्या समाजसेविका भिंतीवर बालहक्कांचे तक्ते रंगवत होत्या. त्यांना सवड नव्हती.

आदल्या दिवशी फायली तपासल्या. रेखाच्या फाईलमध्ये गृहभेटीचा अहवाल नाही! अधीक्षिकाबाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं अक्षर चांगलं आहे. दोन ओळी लिहून टाका."

मी लिहिलं, 'गृहभेट दिली. घर बंद आढळले. नातेवाईक मिळून आले नाहीत.' समाजसेविकांनी न वाचता सही केली. मला लाज वाटली. पुष्कळ वाटली. तरी लिहिलं, आणि खाली पट्टीने रेघही मारली.

*

समितीच्या साहेबांनी नेमकी तीच फाईल उचलली. वाचली, मान डोलावली.

"फाईल अशी असावी! नातेवाईकच नाहीत म्हणता? मग हिला अठरा वर्षं पुरी होईपर्यंत इथेच राहू द्या." तसा शेराही मारला.

रेखा दारात उभी होती. तिने तालमीत शिकवल्याप्रमाणे "नमस्कार साहेब" म्हटलं.

मान्यता मिळाली. दुपारी पेढे वाटले.

*

पेढा द्यायला मी फाटकावर गेले. वॉचमन पवारकाका खुशीत होते. बाहेरचं कुणी आत येता कामा नये, एवढं एकच काम त्यांना नेमून दिलं होतं.

"एक बी मानूस आत सोडला न्हाई, बाई! सकाळी एक जण आली व्हती मांजरीवरनं. रेखाची मावशी हाय म्हनत व्हती."

मी विचारलं, "मग काय सांगितलंत तिला?"

"म्हनलं, आज भेट बंद, तपासणी हाय. तर इचारती, कसली तपासणी? म्हनलं, हितं पोरींना नीट सांभाळत्यात का न्हाई, ते बघाया मोठं सायेब आल्यात."

"मग?"

"म्हनली, मग काय काळजी न्हाई. आन गेली."