दहावीच्या प्लॅनरवरचं नाव

मैत्रिणींनो, आज सकाळपासून कामात लक्ष लागत नाही, म्हणून लिहिते आहे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी साताऱ्यात घरूनच ऑनलाइन दुकान सुरू केलं. मी प्लॅनर, म्हणजे नियोजनाच्या वह्या, संगणकावर तयार करते, लोक फाइल विकत घेऊन छापून घेतात. दिवाळीत एका बाईंनी मुलीसाठी दहावीच्या अभ्यासाचा प्लॅनर घेतला होता. पानापानावर तिचं नाव घालून दिलं होतं.

आज त्याच बाईंचा मेसेज आला. आता लग्नाचा प्लॅनर हवा. बस्ता, मानपान, हळद, सगळी पानं. नवरीचं नाव तेच.

मी लगेच फोन केला. "अहो, हिची अजून दहावी व्हायची आहे!"

"आवं ताई, पेपर झाल्यावरच हाय की लगीन. स्थळ लय चांगलं हाय, हातचं कसं सोडायचं?"

"तिला विचारलंत?"

"तिला काय कळतंय? तुमी फाइल पाठवा. का गिऱ्हाईक नको तुमाला?"

"नको. हा गुन्हा आहे," मी म्हटलं. त्यांनी फोन कापला आणि मला ब्लॉक केलं.

मग मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. मुलीचं नाव आणि बाईंचा नंबर दिला. त्यांनी गाव विचारलं, आणि मला सांगता येईना. फाइल मोबाइलवर जाते. पत्ता मी कधी मागितलाच नाही.

बोलणं आपल्याच सातारा-सांगलीकडचं होतं. म्हणजे दहावीतल्या या मुलीच्या लग्नाची पत्रिका तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी येणार. तेव्हा तुम्ही आहेराचं पाकीट भरणार, की फोन लावणार?