दारफळणीच्या आधी

गेल्या वर्षी दारफळणीच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी निपाणीतल्या एका बेने इस्रायली घड्याळजीने समोरच्या जैन दुकानदाराची तिसऱ्यांदा माफी मागितली. घड्याळजीने त्याला गिऱ्हाइकांदेखत खोटारडा म्हटलं होतं. सूर्य मावळला की दार लावून कडक उपास. क्षमा त्याआधीच मिळवायची असते. मी साबण घ्यायला थांबलो होतो. घड्याळजीचे कपडे पांढरे, पाय अनवाणी. भिंग कपाळावर तसंच राहिलेलं.

"आणि किती वेळा येतासा, अण्णा?" दुकानदार म्हणाला.

"तुम्ही व्हय म्हणेपर्यंत. गेल्या महिन्यात तुमच्या क्षमावाणीला सगळ्या गल्लीला क्षमा केलासा. मीच तेवढा उरलोय."

दुकानदाराला हसू आलं. "लई चिवट हाईसा. केली क्षमा. जावा, दार लावा."

घड्याळजी घरात गेला. कडी वाजली. सूर्यास्ताला सात मिनिटं होती.