पाचोडच्या मळ्यातला बाप्तिस्मा

नाशिकहून बस सुटली तेव्हा माझ्या पिशवीत बायबल होतं आणि डोक्यात तयार प्रवचन. माझ्या धाकट्या बहिणीचा, मार्थाचा नवरा राहुल रविवारी बाप्तिस्मा घेणार होता. तो बौद्ध घरातला. 'दादा, तूच बोल,' असं मार्थानं कळवलं होतं, आणि मी विषय निवडला होता आज्ञापालन. चर्चच्या रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलांना गप्प बसवल्यामुळे हा विषय आपल्या हातचा आहे, असा माझा समज होता.

"बाहेर काही खाऊ नकोस, स्वयंपाक झालाय," मार्थानं फोनवर बजावलं. मी 'बरं' म्हणालो. छत्रपती संभाजीनगरच्या स्टँडवर उतरलो आणि वासामागे चालत थेट नानखलिया (तंदुरी नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खायला जाऊन बसलो. तिथून मार्थाच्या घरी, कारखान्यांच्या वाळूजला पोचलो. शिफ्ट सुटल्यामुळे रस्ताभर मोटारसायकली होत्या. घरी मार्थानं ताट वाढलं, तेव्हा खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून पुन्हा पोटभर जेवलो.

रविवारी सकाळी सगळे जीपनं पाचोडकडे निघालो. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा होत्या. माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं, कारण पोटात कळा येत होत्या. त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, प्रार्थनेची जागा म्हणजे एका मळ्यातली पत्र्याची शेड, आणि बाप्तिस्म्यासाठी विहिरीजवळचा हौद.

मी उभा राहिलो. "आज्ञा पाळणं म्हणजे स्वतःच्या इच्छेला आवर घालणं," एवढं म्हणालो आणि बाहेर पळालो. परत येऊन तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि पुन्हा पळालो. दुसऱ्या खेपेला बागेतून परतताना एक म्हातारी बाई झाडाखाली उभी दिसली. राहुलची आई, इंदूबाई. ती येणार नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"पोट बिघडलं का, पाव्हणं?"

"हो. काल बाहेर खाल्लं. मार्था नको म्हणाली होती."

"अन् आत कशावर बोलायलात?"

"आज्ञापालनावर."

तिनं तोंडाला पदर लावला. मग शेडकडे बघत म्हणाली, "एक इचारू? तारण म्हंजे जीव वाचणं, असं राहुल सांगतो. मग मेल्यावर त्यो एकीकडं अन् मी एकीकडं व्हय?"

याचं उत्तर मला पाठ होतं. तारण कृपेनं आणि विश्वासानं, कर्मांनी नाही; विश्वास नाही, तर तारणही नाही. हे मी कितीदा फळ्यावर लिहिलं असेल. तिच्या तोंडावर ते म्हणवेना.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"माझ्या बापानं दीक्षा घेतली तवापासून घरात बुद्धवंदना हाय. मी ती सोडणार नाय."

"सोडू नका," मी म्हणालो, आणि प्रवचनकाराला हे शोभतं का, असा विचार नंतर आला.

तेवढ्यात मंडळी हौदाशी आली. राहुल कठड्यावर चढला, त्याला आई दिसली, आणि तो उतरून तिच्या पाया पडला.

"आई, तू नको म्हणलीस तर आज थांबतो."

बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, माझ्याकडे पाहिलं. आईची आज्ञा पाळावी की देवाची? या विषयाचा आजचा जाणकार मीच होतो.

"मी नको म्हणल्यानं मनातून निघंल का?" तिनं विचारलं.

"नाय."

"मग जा. पाणी गार हाय, लवकर बाहेर ये."

पाळकांनी त्याला पाण्यात बुडवून वर काढलं. मंडळी गाऊ लागली. राहुल कुडकुडत आईसमोर आला. तिनं पदरानं त्याचं डोकं पुसलं, लहानपणी पुसलं असेल तसं, कानामागून. मार्था रडत होती. प्रवचन पुढे कर, असं मला कुणी म्हणालं नाही.

परतताना मी आणि इंदूबाई फाट्यावर बसची वाट बघत बसलो. तिला पलीकडच्या गावी जायचं होतं.

"तुम्ही लोक नाव घेऊन प्रार्थना करता ना?" ती म्हणाली. "माझं घेतलं तरी चालंल. राहुलला बरं वाटंल."

नाशिकला आल्यावर आमच्या मंडळीतल्यांनी विचारलं, प्रवचन कसं झालं? एक वाक्य दोनदा म्हणालो, असं सांगितलं. ते हसले, मीही हसलो.

रोज रात्री प्रार्थनेत मी इंदूबाईंचं नाव घेतो. इतरांसाठी काय मागायचं, हे मला नेहमी नेमकं ठाऊक असतं आणि मी देवाला ते बारकाईनं समजावून सांगतो. तिच्या नावाशी आलो की मात्र काय मागावं ते कळत नाही. मग नुसतं नाव घेतो.