दादाची सकाळची काठी

माझं अक्षर वाईट आहे, ऱ्हस्वदीर्घही जमत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने रागावू नये. दादा आता नाही, आणि तो कसा होता ते कुणी लिहिणारही नाही, म्हणून मी लिहिते.

दादा, माझा थोरला भाऊ, नाशिकला एका साहेबाच्या गोल्फच्या काठ्या वाहायचा. काठीने लहानसा चेंडू लांब मारायचा, असा तो खेळ. दादाचा हात पाहून साहेब म्हणाला, पावसाळाभर घरी सराव कर. फटका सरळ झाला तर दिवाळीनंतर नव्या लोकांना शिकवायला ठेवतो. एक जुनी काठी दिली, पुढच्या पगारावर उचलही दिली.

खांडबाऱ्याजवळच्या आमच्या गावात असली काठी कुणी पाहिली नव्हती. उजाडलं की दादा अंगणात पाय जुळवून उभा राहायचा, काखेत फडकं दाबायचा आणि निंबोळीवर काठी फिरवायचा. फडकं पडलं की पुन्हा पहिल्यापासून. "हात नही, कंबर फिरनी पाहिजे," हे त्याचं नेहमीचं. माझा तळहात त्याच्या कपाळावर ठेवायला लावायचा. "बाई, डोकं हालनं की चापट मार." मला धीर व्हायचा नाही. मी हळूच "हाललं" म्हणायची.

शेजारचे काका कुंपणावरून विचारायचे, "काय रे भो, वारा झोडी ऱ्हायना का?"

"वारा नही काका, मन्ही खोड झोडी ऱ्हायनू."

दिवाळीच्या तोंडावर बाबांना लकवा झाला. शेत दादावर आलं, नाशिक राहिलं. त्याने साहेबाला कळवलं; उत्तर आलं नाही. लोकांचा कापूस गाडीने स्टेशनावर वाहून तो मनीऑर्डरने उचल फेडू लागला. सराव मात्र सोडला नाही.

माय म्हणाली, "आते कोनासाठे करस रे?"

"सायेबना पैसा फिटत नही, तवलोंग मी त्यासना मानूस शे, माय. बलावतीन तर फटका वाकडा नको."

मायला वाटे, पोराच्या डोक्यावरचं ओझं लवकर उतरावं. तूप विकून ती त्याच्या हातात पैसे ठेवायची. तो घ्यायचा, पण मनीऑर्डर करायला दिवस लावायचा. का, ते मला कळत होतं. मी मायला बोलले नाही.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी माय स्वतःच त्याच्याबरोबर पोस्टात गेली. परत येऊन तिने शेजारी गूळ वाटला. दादा बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी अंगणात जाऊन उभी राहिले. दादा ओट्यावर बसून दात घासत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरमा जाय, बाई. सायेबना पैसा काल समदा फिटी गया."