आबांचं तळं आणि कोयपूची जोडी

जलपर्णी उपसून काठावर टाकली, की उन्हात वाळून जाते. किस्से वाळत नाहीत! दर रविवारी नदी साफ करणारा आमचा ग्रुप मूठभर माणसांचा, पण किस्से ट्रकभर. परदेशात शिकून मी पुण्यात परतले, कोथरूडला एकटीपुरती खोली घेतली आणि या ग्रुपमध्ये शिरले. माझा विषय कोयपू. दक्षिण अमेरिकेतला, पाण्यात राहणारा, बोक्याएवढा उंदीर. फरच्या कोटांसाठी त्याला देशोदेशी नेलं, तो पिंजऱ्यांतून सुटला आणि नद्यांचे काठ पोखरून बसला. आपल्याकडे असं काही होऊ नये, म्हणून तर मी परत आले!

*

पहिल्याच रविवारी ग्रुपमधले ज्येष्ठ जोशीकाकांनी माझी चौकशी केली. मी उत्साहाने सगळं सांगितलं.

"हा प्राणी भारतात आहे?"

"नाही, सुदैवाने."

"म्हणजे आपल्याला काम नाही. सुदैवाने."

*

ग्रुपमधला वानखेडे मूळचा वर्ध्याचा, आयटीत नोकरीला. एका संध्याकाळी त्याचा फोन. "मॅडम, घुशीनं गाडीच्या वायरी कुरतडल्या!"

मी म्हटलं, माझा अभ्यास वेगळ्या प्राण्याचा आहे.

"मग त्याचं औषध हिला चालते का, तेवढं सांगा ना!"

आठवडाभरात आलेला तो एकच फोन. मी घुशीपासून सुरुवात करून कोयपूच्या नारिंगी दातांपर्यंत पोचले. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, ठेवू का? यूएसचा कॉल आहे."

*

लोकांना जागं करायचंच, म्हणून मी वानखेडेच्या लॅपटॉपवर स्लाइड शो ठेवला. धायरीचे शेतकरी आबाही ऐकायला आले. त्यांची बरीचशी जमीन बिल्डरकडे गेलेली. उरलेल्या तुकड्यातल्या तळ्याकाठी त्यांना गार्डन हॉटेल काढायचं होतं, पण तळं जलपर्णीनं भरलेलं.

मी पोटतिडकीने बोलले. "हा प्राणी दिवसरात्र पाणवनस्पती खातो! मुळासकट! थांबतच नाही!"

सगळे पुढे सरकून बसले. मला वाटलं, पोचलं!

आबा उभे राहिले. "ताई, ह्याची जोडी कुठं मिळंल?"

*

त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी स्वारगेटहून बस पकडून धायरीला जाऊ लागले.

"आबा, तो बांध पोखरतो."

"बांध सिमेंटचा हाय."

"पिल्लं फार होतात."

"होऊ द्या की. तळं मोठं हाय."

"सुटून नदीत गेला तर?"

"तुम्ही नदीत रविवारीच उतरता. त्यो रोज उतरंल!"

परवानगीचं म्हणाल, तर त्यांचा पुतण्या इंपोर्ट-एक्सपोर्टमध्ये. "आता परदेशी गाड्या येत्यात, चॉकलेट येतं. उंदीर का येऊ नये?"

मी हे चिडून जोशीकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे. शिवाय तो उंदीर भाषण करणार नाही."

*

एक दिवस आबांनीच बोलावलं. पुतण्याला परदेशात विकणारा सापडला होता, पण जोडी नव्हती. एकच नर होता.

"एकटा काम करंल का?" आबांनी विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण मी म्हणाले, "करेल."

"आन् पिल्लं?"

"एकट्याला कुठली होणार?"

"मग तुमची काय हरकत?"

आबा तळ्याकडे वळले.

"एवढ्या लांबनं आणायचा," ते म्हणाले, "आन् हितं त्याच्यावाणी दुसरं कुणीच न्हाई?"

"नाही."

"त्यानं वरडायचं, आन् कुणाला कळायचं न्हाई?"

"नाही कळणार."

आबांनी फोन काढला आणि पुतण्याला म्हणाले, "ते कॅन्सल कर. न्हाई, पैशाचं न्हाई रं. पाप लागंल."

मी थँक्यू म्हणून बॅग उचलली आणि बसस्टॉपच्या दिशेने निघाले. मागून आबांची हाक आली.

"ताई, तुम्ही जेवता कुठं?"