फूटबोर्ड कापायचा की ठेवायचा

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साचतात, भंगार आणि किस्से. भंगार निदान कबाडीवाला उचलून नेतो, किस्से कोणी नेत नाही. माझ्या किश्श्यांत हसू कमी आणि राग जास्त असतो, असं आमची मंडळी म्हणते. असेलच! आदिलाबादेत इतकी वर्षं गॅरेज चालवून कोणी शांत राहून दाखवावं, मी त्याचे पाय धरीन.

त्यातले निम्मे किस्से एकाच गाडीचे आहेत. वाघमारे गुरुजींच्या उघड्या गाडीचे.

*

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. ही गाडी माझ्या दारात दोन बैलांनी ओढत आणली. निजामाच्या काळातली विलायती मोटार. लांब नाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लोखंडी फूटबोर्ड आणि डोक्यावर काहीच नाही. एकेकाळी मागे दुमडणारा कापडी टप होता, त्याच्या आता फक्त काड्या उरलेल्या. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. थेट गावाहून धक्के खात आली, पण उठायला तयार नाही!

सोबत जैनथच्या शाळेतले वाघमारे गुरुजी. त्यांचं गाव पैनगंगेच्या काठी. तिथल्या जमीनदार मालकांनी गोठ्यातली अडगळ म्हणून ही गाडी त्यांना देऊन टाकली होती.

"गुरुजी, हिचं करायचं काय?"

"माहे बाबा अठरा वर्षं या गाडीचे क्लीनर होते," गुरुजी म्हणाले. "रोज धुवाचे, पुसाचे. पन सीटवर बसाची मुभा नव्हती. गाडी निघाली का ते भाएर, फूटबोर्डावर उभे. ऊन असो का पानी असो. मले त्याईले मागच्या सीटवर बसवून गावातून न्याचं हाय, मिस्त्री. उघड्या गाडीतून. समद्याईनं पाह्यलं पाह्यजे."

बाबांचं वय पंच्याहत्तरच्या पुढं, चार पावलं चालले की धाप लागायची. गुरुजी जाता जाता म्हणाले, "लवकर करा."

अठरा वर्षं! सीट पुसायला माणसाचा हात चालतो आणि बसायला तोच माणूस चालत नाही! त्या रागातच मी कोंबडीला हात घातला. तिनं करकचून चोच मारली. कामाचा मुहूर्त असा झाला.

*

उघडी गाडी दारात दिसली की प्रत्येकाला अक्कल सुचते. पहिले आले भैंसा गावचे एक कापूस दलाल. स्वतःच्या जीपचे ब्रेक दाखवायला आले होते, ब्रेक राहिले बाजूला.

"मिस्त्री, कायले पेट्रोल जाळून राह्यले? जीपचं डिझेल इंजिन टाका. अन् मांगची सीट काढून टाका, कापसाचे चार बोरे आरामात बसतात!"

मागची सीट काढून टाका! ज्या सीटसाठी एवढा खटाटोप, तीच!

पण खोटं कशाला बोलू, डिझेलचं त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. जुनं इंजिन पेट्रोल ढोसायचं, सुटे भाग हैदराबादेतही मिळत नव्हते. डिझेल बसवलं असतं तर कोणत्याही गावात दुरुस्ती झाली असती. उलट बाजूही होती. डिझेल इंजिन जड, पुढच्या स्प्रिंगच्या कमानी बसल्या असत्या, चासी कापावी लागली असती आणि त्या थरथराटानं जुनी दारं खिळखिळी झाली असती. मी गुरुजींना हे सगळं समोर बसवून समजावलं. त्यांनी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी येऊन एकच प्रश्न विचारला.

"डिझेलचा आवाज येगळा येईन नं?"

"येणारच! जीपसारखा."

"मंग नोको. बाबाईनं आवाज वळखला पाह्यजे."

आवाज! इथं मी वजन, कमानी, चासी सांगून घसा कोरडा केला, आणि निर्णय कशावर? आवाजावर! त्या आवाजापायी मी सात महिने जुन्या इंजिनाचे सुटे भाग घडवून घेत लेथवाल्याच्या दारात उभा होतो.

*

इंजिन सुरू झालं त्या दिवशी गुरुजींनी बाबांना आणलं. लिंबाजी बाबा. काडीसारखे बारीक, खांद्यावर दुपट्टा, डोळ्यांत मोतीबिंदू. खुर्ची दिली तर बसले नाहीत, लिंबाखालच्या टायरवर टेकले. बोलणं जवळजवळ नाहीच.

मी हँडल मारलं. दुसऱ्या फटक्याला गाडी बोलली. मी अंगावरचं ग्रीस पुसत सगळ्यांकडे बघितलं. सात महिन्यांचं काम होतं!

लिंबाजी बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तिसरा पलग मिस होऊन राह्यला."

मी हैदराबादेत शिकलेला मिस्त्री. मला हे सांगणार? टायरवर बसून? मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, तेही मिटून? मी तावातावानं तिसरा प्लग काढला.

काळा कुळकुळीत!

त्या दिवसापासून मी त्यांना विचारल्याशिवाय इंजिनला पाना लावला नाही. राग आला होता, तो गिळला.

*

मग टपाचा वाद. कापडी टप करायचा की वर पत्रा ठोकून गाडी कायमची बंद करायची?

पत्र्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ होतं. आमच्याकडची धूळ, उन्हाळा, सगळ्याला इलाज एकच, पत्रा. शिवाय उघड्या गाडीची बॉडी लेचीपेची असते. मागे दोन माणसं बसली की दारं लोंबतात. पत्रा मारला की सगळा सांगाडा कसा आवळून धरला जातो. मी स्वतः पत्र्याकडे झुकलो होतो, हे कबूल करतो.

तेवढ्यात एक दिवस गुरुजींच्या गावचे ते गाडी देणारे मालक ट्रॅक्टरच्या कामासाठी माझ्याकडे आले. गाडीभोवती एक फेरी मारली.

"पत्रा ठोका, मिस्त्री. धूळ नाही, ऊन नाही. अन् आत कोन बसलं हाय, ते लोकाईले दिसाचं काय काम?"

हे बोलताना बघत होते टायरवरच्या लिंबाजी बाबांकडे! माझ्या हातात बावीस नंबरचा पाना होता. मी तो खाली ठेवला, कारण हातात ठेवणं बरं नव्हतं. आणि लिंबाजी बाबा? ते मालकांना बघून धापा टाकत उठून उभे राहिलेले. सवयीनं! त्याचाच मला जास्त संताप आला.

त्याच दुपारी मी गाडीच्या पोटाखाली दोन लांब अँगल वेल्डिंग करून टाकले. गाडी जड झाली, झाली तर झाली. दारं लोंबायची थांबली आणि पत्र्याचं कारणच संपलं.

*

गाडी उघडीच ठेवायची ठरली, तर सरकार आडवं आलं. पासिंगसाठी इन्स्पेक्टर आले, नेल्लूरकडचे, नवीन बदलून आलेले. माझं तेलुगू बाजारापुरतं. भाव विचारता येतो आणि नको म्हणता येतं, बस्स.

इन्स्पेक्टरांनी गाडीकडे बघितलं. "कप्पु एदि?"

मी म्हटलं, असं होय! साहेबांना कप पाहिजे. सरळ चहा म्हणा की! समोरच्या हॉटेलातून कपबशी मागवली. साहेबांनी कपाकडे बघितलंसुद्धा नाही.

"कप्पु लेदु! कप्पु कावालि!"

लेदु म्हणजे नाही, कावालि म्हणजे पाहिजे, एवढं मला येत होतं. एक कप पुरत नाही? आणखी तीन मागवले. चार कप बॉनेटवर ओळीनं मांडले. साहेब लालबुंद. हात वर करून ओरडले, "पैन! पैन!"

पेनच ना! दिला खिशातला काढून.

शेवटी रहीमचाचा धावत आला. हा आमच्या शेजारी सीटकव्हर शिवायचा, तेलुगू चांगलं जाणायचा. हसून त्याला उभं राहवेना. "अरे मिस्त्री, कप्पु बोले तो छत! पैन बोले तो ऊपर! साब पूछ रहे, गाडी की छत कहाँ है!"

आता मला सांगा, यात माझी चूक काय? छताला कप म्हणायचं आणि वर माझ्यावरच ओरडायचं! साहेब टप झाल्याशिवाय पास करणार नाही म्हणाले आणि माझा पेन घेऊन गेले.

टप रहीमचाचानंच शिवला. रेक्झिन की कॅनव्हास, यावर दोन दिवस खल झाला. रेक्झिनला पाणी लागत नाही, पण आमच्या उन्हात ते तडकतं. कॅनव्हास गळतो, पण टिकतो आणि नीट दुमडतो. रहीमचाचा म्हणाला, "कपडा सांस लेता मियाँ." म्हणून कॅनव्हास.

*

राहिले फूटबोर्ड. गंजून चाळणी झालेले. इथं मात्र गुरुजी आणि मी दोघं एका मताचे होतो. कापले तर वजन कमी होतं, चिखल अडकत नाही, खालून काम करायला जागा मिळते.

गुरुजींची कारणं वेगळी होती. "कापा, मिस्त्री! आधी तेच कापा! त्या पाट्यावर माह्या बापाचं आयुष्य गेलं. माह्या डोयासमोर नोको ते."

मी गॅस पेटवला. तेवढ्यात लिंबाजी बाबा टायरवरून उठले, चालत आले आणि सरळ फूटबोर्डावर पाय ठेवून उभे राहिले.

"हे नाई कापाचं."

"काऊन, बाबा?"

"राहू दे म्हनलं नं."

"पन काऊन?"

बाबांनी दाराची कड घट्ट धरली. पायही हलेना. शेवटी मी गॅस बंद केला. नवा पत्रा टाकला, वर रबराच्या पट्ट्या बसवल्या, वजन परत वाढलं. इतक्या लोकांचं ऐकून गाडी करायची म्हणजे डोक्याला ताप! गुरुजी तर दोन दिवस बापाशी बोलले नाहीत.

*

ट्रायलच्या दिवशी वाटलं, कारण कळलं. मी स्टिअरिंगवर, गुरुजी शेजारी. मागचं दार उघडून ठेवलं. लिंबाजी बाबा आले, दार हळूच लावलं आणि फूटबोर्डावर चढून उभे राहिले. एक हात टपाच्या काडीला. अगदी तयारीत!

गुरुजी ओरडले, "बाबा! आत बसा!"

"पाय धुतले नाई रे."

गुरुजी खाली उतरले. माझ्या पंक्चरच्या टाकीतून बादलीभर पाणी घेतलं, बापाला टायरवर बसवलं आणि भर रस्त्यावर बापाचे पाय धुतले. दुपट्ट्यानं पुसले. मग बाबा आत बसले, सीटच्या अगदी कडेला. मी मागे जाऊन बॅटरी चार्जरला उगाच दोन शिव्या दिल्या, कारण कोणाला तरी द्यायच्या होत्या.

सवयच ती, आम्ही दोघांनी म्हटलं. फूटबोर्ड स्वतःसाठीच ठेवला म्हातारबानं.

*

मे महिन्यात गावी निघालो. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. टप लावलेला होता. गाव दिसलं तशी मागून थाप पडली.

"टप उतरव."

"बाबा, ऊन पाहा किती!" मी म्हटलं.

"उतरव."

उतरवला. गाडी गावात शिरली. बायका दारात आल्या, पोरं मागे धावली. चावडीवरचे लोक उठून उभे राहिले. लिंबाजी बाबा आता सीटच्या मधोमध बसले होते, पाठ टेकून. गुरुजी मागे वळून बघत नव्हते, त्यांना बघवत नव्हतं.

गावाबाहेरच्या फाट्यावर मालक छत्री घेऊन उभे. अंगावर कडक इस्त्री. जैनथला लग्नाला जायचं होतं आणि बस आली नव्हती. त्यांनी छत्री आडवी केली, मला थांबावं लागलं.

गाडी त्यांनी वरून खालून बघितली. मग गुरुजींना नाही, मला नाही, थेट मागं म्हणाले, "लिंबाजी, मले जैनथले जाचं हाय. चाल, जागा कर."

गुरुजींची मान ताठ झाली. माझा हात गिअरवर होता. मी तोंड उघडतच मागे वळलो.

लिंबाजी बाबा सीटवरून हलले नाहीत. नुसते दारावरून वाकले, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि फूटबोर्डावरची धूळ झटकली. अठरा वर्षं झटकत होते तशीच, कोपऱ्या-कोपऱ्यातून.

"या नं, मालक," ते म्हणाले. "तुमच्यासाठीच तं कापू नाई देल्ला."