कोलंबी आली

आमच्या करावे गावातल्या मेडिकलवाल्या ताई दिवसभर कॉम्प्युटरशी भांडतात. बाजारात एखादं औषध मिळेनासं झालं, की त्यांच्या स्क्रीनवर लाल पट्टी येते. "परत तोंड लाल केलंस?" असं त्याला दरडावत त्या आसपासच्या कोणत्या दुकानात माल आहे ते शोधतात. माल आला, की गिऱ्हाइकाला मेसेज पाठवायची सोयही त्यातच आहे. पण ते बटण ताई कधी दाबत नाहीत. त्यांची आई मासळी विकायची; तिचा गळा यांच्याकडे आलाय. दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून त्या समोर आमच्या सोसायटीकडे हाळी देतात, "काकू, थायरॉइडची आलीऽऽ!"

म्हणूनच माझ्या फिटच्या गोळ्या कुठेच मिळेनात, तेव्हा मला दुहेरी घोर लागला. पाकीट संपत आलेलं, आणि माझ्या फिटचं सोसायटीत कुणालाच माहीत नाही. मी ताईंना हळूच तसं सांगितलं.

"तुमी टेन्शन घेऊ नका भाऊ," त्या म्हणाल्या, "कुनाला कलनार नाय."

रविवारी सकाळी हाळी आली, "तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ, तुमची कोलंबी आलीऽऽ!"

आमचं घर पक्कं शाकाहारी. मी अनवाणीच खाली धावलो. गोळ्या हातात पडल्या आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

परवा जिन्यात सेक्रेटरीकाकांनी मला गाठलं. ते आमच्याहून कडक शाकाहारी. इकडेतिकडे बघत कानाशी येऊन म्हणाले, "पुढच्या वेळी आमच्यासाठीपण थोडी सांगा. फक्त हाळी तुमच्याच नावानं येऊ दे."